तोच दिवस पुन्हा मिळाला तर?

यंदाच्या रमजानमधली रात्र. तरावीह पढून आम्ही तिघे भाऊ घरी परतलो, तेव्हा धाकट्याचा मुलगा लॅपटॉपसमोर बसला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पडद्यावर एक शेकोटी, वर तारे आणि दूरवर सूर्य. आमचा चहा येईपर्यंत तो सूर्य लाल झाला, आक्रसला, फुटला आणि सगळे आकाश उजेडात वाहून गेले. दुसऱ्या क्षणी पुन्हा तीच शेकोटी, तेच तारे.

“मेलास का रे?” थोरल्यांनी विचारले.

“हो बडे अब्बा. दर बावीस मिनिटांनी मरतो. मग पुन्हा सुरुवातीपासून.”

“मग मिळतं काय यातून?”

“काहीच नाही. मागच्या वेळी जे कळलं तेवढं लक्षात राहतं, बस्स.” थोडा थांबून त्यानेच विचारले, “तुम्हाला एक दिवस असा परत मिळाला तर कुठला घ्याल?”

आम्ही तिघेही गप्प झालो. “सेहरीला उठायचंय, झोपा आता,” म्हणून मधल्याने विषय मोडला. पण झोप कोणालाच लागली नाही, हे आम्हाला सेहरीच्या वेळी एकमेकांचे चेहरे पाहून कळले. त्या रात्रीबद्दल पुढे सांगूच. आधी या गोष्टींबद्दल, कारण आज आपल्या घराघरातली मुले त्या पाहतात, खेळतात, आणि आपण मात्र “डोळे खराब होतील” एवढेच म्हणून बाजूला होतो.

एका दिवसात अडकलेली माणसे

या प्रकाराला टाइम लूप म्हणतात. आपण काळाचा फेरा म्हणू. गोष्टीचा साचा साधा असतो. एक माणूस एका दिवसात किंवा काही तासांत अडकतो. रात्र झाली, किंवा तो मेला, की पुन्हा त्याच सकाळी जागा होतो. बाकी सगळ्यांसाठी तो दिवस नवा असतो. फक्त त्यालाच ठाऊक असते की हे सारे होऊन गेले आहे.

हा साचा जगभर गाजवला तो ‘ग्राउंडहॉग डे’ या हॉलिवूडपटाने. हॅरॉल्ड रेमिस यांचा हा चित्रपट अमेरिकेत फेब्रुवारी १९९३ मध्ये लागला. टीव्हीवर हवामान सांगणारा एक उद्धट माणूस २ फेब्रुवारीच्या जत्रेची बातमी करायला एका छोट्या गावात जातो आणि बर्फामुळे तिथेच अडकतो. सकाळी सहाला गजर होतो, रेडिओवर तेच गाणे, आणि पुन्हा २ फेब्रुवारी. आधी त्याला मजा वाटते. परिणाम भोगायचे नाहीत म्हटल्यावर तो पैसे पळवतो, लोकांना फसवतो. मग कंटाळतो, मग जीव देऊ पाहतो. सकाळी गजर वाजतोच. शेवटी कुठे त्याचे लक्ष स्वतःवरून हटते. झाडावरून पडणाऱ्या पोराला झेलायला तो बरोबर वेळेवर पोचतो, म्हाताऱ्या बायकांच्या गाडीचे चाक बदलून देतो. गावातला एक बेघर म्हातारा मात्र त्या रात्री मरतोच. नायक त्याला दवाखान्यात नेतो, गरम सूप पाजतो. म्हातारा वाचत नाही. दिवस कितीदाही मिळाला तरी मौतीची घटका माणसाच्या हाती येत नाही. एका विनोदी चित्रपटात ही गोष्ट इतक्या सरळपणे यावी, याचे आम्हाला नवल वाटले.

व्हिडिओ गेम तर मुळातच काळाचा फेरा आहे. आमच्या लहानपणी गल्लीतल्या पार्लरमध्ये रुपया देऊन मारिओ खेळायचो. खड्ड्यात पडलो की पुन्हा सुरुवात, पण आता खड्डा कुठे आहे ते माहीत असायचे. हिरोशी साकुराझाका या जपानी लेखकाने हाच अनुभव उचलून २००४ मध्ये एक कादंबरी लिहिली: रणांगणावर मरणारा आणि पुन्हा त्याच लढाईच्या आदल्या दिवशी जागा होणारा शिपाई. तिच्यावरून २०१४ मध्ये टॉम क्रूझचा ‘एज ऑफ टुमॉरो’ निघाला.

पुतण्याने दाखवलेल्या दोन गेमनी आम्हाला विचारात पाडले. पहिला २००० सालचा, ‘झेल्डा’ मालिकेतला ‘माजोराज मास्क’. एका गावावर चंद्र कोसळायला तीन दिवस उरले आहेत. तिसऱ्या रात्री खेळणारा एक धून वाजवून पुन्हा पहिल्या सकाळी जातो. गावात प्रत्येकाचे काही ना काही दुःख आहे. तुम्ही कोणाचे पत्र पोचवता, कोणाची ताटातूट मिटवता; पण काळ मागे गेला की ते सारे पुसले जाते. त्या माणसांना तुम्ही आठवतसुद्धा नाही. खिशातले सुटे पैसेही जातात. त्या गेममधल्या नाण्याचे नाव गंमत म्हणजे ‘रुपी’ आहे. उरते काय? जे बँकेत ठेवले ते. बँकवाला तुमच्या हातावर शिक्का मारतो आणि ती ठेव प्रत्येक फेऱ्यात तशीच राहते. हे ऐकून थोरले हसले. म्हणाले, “खिशातलं जातं आणि पुढे पाठवलेलं राहतं. हे तर आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो.”

दुसरा गेम म्हणजे त्या रात्री पाहिलेला ‘आउटर वाइल्ड्स’, २०१९ चा. एका छोट्या सूर्यमालेत यान घेऊन फिरायचे, आणि बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो. इथे हत्यार नाही, ताकद वाढत नाही, पैसा नाही. फेऱ्यातून पुढे जाते ती फक्त माहिती. मुले सुरुवातीला सूर्य वाचवायचा मार्ग शोधतात. खूप फिरल्यावर कळते की सूर्याचे आयुष्यच संपले आहे. तो वाचवायचा नाही. मग प्रश्न उरतो की हाती असलेल्या बावीस मिनिटांचे काय करायचे.

आपल्याकडचे फेरे

आपल्याकडेही हे सूत्र आता रुळले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये वेंकट प्रभू यांचा ‘मानाडू’ हा तमिळ चित्रपट आला. त्याच्या नायकाचे नाव अब्दुल खालिक. दुबईहून मित्राच्या लग्नाच्या भानगडीत मदत करायला निघालेल्या या तरुणाला एका सभेत मुख्यमंत्र्यांच्या खुनात गोवले जाते. खुनाचा आळ मुसलमानावर यावा आणि दंगल पेटावी, हा कटच असतो. अब्दुल मारला जातो आणि पुन्हा विमानात जागा होतो. आता तो दिवस तो पुन्हा पुन्हा जगतो, ते स्वतःची सुटका करायला नाही, तर शहर पेटू नये म्हणून. काही घडले की आधी आपल्या नावांकडे पाहिले जाते, हे अनुभवलेल्या कोणत्याही घरात हा चित्रपट नुसती करमणूक म्हणून पाहिला जाणार नाही. आपल्यातल्या कित्येकांनी मनात कधी ना कधी म्हटलेले असते: त्या दिवशी सकाळीच कोणाला कळले असते तर!

मे २०२५ मध्ये आलेला ‘भूल चूक माफ’ हा हिंदी चित्रपट वरवर पाहता हलकाफुलका आहे. बनारसचा रंजन लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या दिवसात अडकतो. उद्या काही केल्या उजाडत नाही. त्याने सरकारी नोकरीसाठी लाच दिलेली असते आणि देवाला बोललेले सत्कर्म तो विसरलेला असतो. गायीला चारा, गरिबांना अन्न, सगळे करून पाहतो; दिवस हलत नाही. शेवटी त्याला हमीद भेटतो, जो जीव द्यायला निघालेला आहे. कारण जी नोकरी रंजनने पैसे देऊन घेतली, ती हमीदच्या हक्काची होती. रंजन ती परत करतो, तेव्हा कुठे पुढचा दिवस उजाडतो.

हा चित्रपट आम्ही तिघांनी ईदनंतर एकत्र पाहिला. संपल्यावर बराच वेळ कोणी टीव्ही बंद केला नाही.

ओढ कशाची?

या गोष्टींची एवढी ओढ का वाटते? एक कारण उघड आहे. आपले रोजचे जगणेच फेऱ्यासारखे असते. वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्याला, पहाटे उठून डबे भरणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत तर साऱ्या जगाने तोच तो दिवस जगून पाहिला. त्या वर्षीचा रमजान आठवा: तरावीह घरात, जुम्मा घरात, ईदची नमाजही घरात. आज कोणता वार आहे, हेही विचारावे लागायचे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मुलाला परीक्षेतले उत्तर दुरुस्त करायचे असते, तरुणाला तोंडून निघालेला शब्द, आणि आमच्या वयाच्या माणसांना एखादी सही. माणूस चूक करतो तेव्हा ती चूक आहे हे त्याला बहुधा ठाऊक असते. तरी वाटते, पुन्हा संधी मिळाली तर नक्की नीट वागू. टाइम लूपची गोष्ट याच वाटण्याला हात घालते. पण चांगली गोष्ट तिथे थांबत नाही. ती दाखवते की संधी मिळाल्यावर माणूस आधी तेच करतो जे पूर्वी करत होता, उलट जास्तच. दिवस बदलत नाही म्हणून तो चिडतो. खरे तर बदलायचे त्यालाच असते.

आपल्या जुन्या कथांमध्ये काळाचे खेळ काही कमी नाहीत. अलिफ लैलातली शहरजाद रोज रात्री गोष्ट अर्धवट ठेवते. तिला कालचा दिवस परत नको होता, तिला उद्याची सकाळ हवी होती. जुम्म्याला आपण सूरह कहफ पढतो. गुहेतले ते तरुण ३०९ वर्षे झोपून उठतात. त्यांना वाटते एखादा दिवस झाला असेल. ते नाणे घेऊन बाजारात माणूस पाठवतात, आणि जग पार बदललेले असते. तिथे काळ माणसासाठी लांबतो, मिटतो, पण जातो पुढेच.

मागे जाण्याची विनंती मात्र कुरआनात आहे, आणि ती वारंवार आहे. सूरह मुअमिनूनमध्ये (आयत ९९ आणि १००) मरणारा माणूस रब्बकडे परत पाठवण्याची याचना करतो, म्हणजे मागे सोडून आलेल्या जगात काही चांगले करता येईल. त्याला नकार मिळतो. पुढे बरजखचा पडदा आहे. सूरह अनआममध्ये (आयत २७ आणि २८) आगीसमोर उभे केलेले लोक परत जाण्याची इच्छा करतात, आणि अल्लाह सांगतो की यांना परत पाठवले तरी हे तेच करतील ज्याची मनाई होती. ‘ग्राउंडहॉग डे’च्या पहिल्या अर्ध्या भागाचे एवढे नेमके वर्णन आम्हाला कोणत्या समीक्षेत सापडले नसते.

तिसरी आयत सूरह मुनाफिकूनमधली, दहावी. तिथे मरणारा थोडीशीच मुदत मागतो. कशासाठी? नमाजसाठी नाही, रोज्यांसाठी नाही. सदका देता यावा म्हणून. आयुष्यभर जे हातातून सुटले नाही, ते द्यायला त्याला थोडा वेळ हवा असतो.

आमचा दिवस

आता त्या रात्रीकडे. “कुठला दिवस घ्याल?” या प्रश्नाला आम्ही तिघांनी मनात दिलेले उत्तर एकच होते. ते आम्ही एकमेकांना सांगितले दोन दिवसांनी, इफ्तारनंतर, गच्चीवर.

२०११ साली अब्बांचा इंतकाल झाला. बायजीपुऱ्यातले हे घर त्यांनी बांधलेले. चाळिसावा झाला आणि कागदपत्रांची गोष्ट निघाली. आम्ही जालन्याहून आपाला बोलावून घेतले. सोबत वकिलाने तयार केलेले हक्कसोड पत्र होते. कोणी तिच्यावर ओरडले नाही, कोणी धमकावले नाही. “नुसती सही आहे, सगळ्याच बहिणी करतात,” एवढेच म्हटले. खरेही होते. आमच्या ओळखीत हिस्सा घेतलेली बहीण आम्हाला आठवत नव्हती. जी घेईल तिचे माहेर तुटते, हे कोणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना माहीत असते.

कार्यालयात टेबलाशी आपा बसली. कागद समोर आला. तिने पेन उचलले आणि ती थांबली. किती वेळ? पाच सेकंद असतील. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले. आम्ही तिघे भिंतीवरचा पंखा पाहत होतो, मोबाइल पाहत होतो, बाहेर पाहत होतो. मग तिने सही केली. दुपारी आम्ही तिला नान खलिया खाऊ घातला, दोन सूटचे कापड दिले आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिले. अम्मीच्या हिश्श्याचा तर कोणी विषयही काढला नाही.

ती पाच सेकंदे. आम्हा तिघांनाही तीच हवी होती.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांसारखाच स्त्रियांचाही वारशात हिस्सा ठरवून दिला आहे, मग मालमत्ता थोडी असो वा जास्त. हिशेब अकराव्या आणि बाराव्या आयतीत आहे. आमच्या घरात तो इतका सोपा होता की चौथीतल्या पोराने केला असता. पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे घराचे आठ भाग: एक अम्मीचा, एक आपाचा आणि आम्हा तिघांचे दोन-दोन. आठातला एक भाग द्यायचा होता. आम्ही पंधरा वर्षे तो देत नव्हतो, आणि दरवर्षी जकातीचा हिशेब मात्र पैशापैशाने करत होतो.

प्रेषित (स.) यांनी सांगितलेला मुफलिस आपल्याला माहीत आहे. तो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कोणाचे खाल्लेले असेल, कोणाला दुखावलेले असेल. त्याची सारी पुण्याई त्या लोकांना वाटून दिली जाईल. अल्लाहचे हक्क तौबाने माफ होतात. माणसाचा हक्क त्या माणसाकडूनच सोडवून घ्यावा लागतो, आणि तोही इथेच.

गच्चीवर मधला म्हणाला, “तो दिवस परत येणार नाही.” थोरले म्हणाले, “दिवस कशाला हवाय? आपा आहे ना.”

इतके साधे होते. टाइम लूपच्या गोष्टीतल्या माणसाला काळ मागे न्यावा लागतो, कारण ज्याचे देणे आहे तो हातातून गेलेला असतो. आमची आपा जालन्यात होती. तासाभराच्या अंतरावर.

बासी ईदला आम्ही तिघे तिच्याकडे गेलो. शिरखुर्मा झाल्यावर विषय काढला. घराची आजच्या भावाने किंमत काढली होती. आठवा हिस्सा एका रकमेत देण्याची आमची ऐपत नाही, म्हणून पहिला हप्ता सोबत नेला होता आणि बाकीची रक्कम दोन वर्षांत, असे तारखांसह लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे. हे तर कर्जापेक्षा जुने देणे होते.

आम्हाला वाटले होते ती रडेल, किंवा नको म्हणेल. तिने चष्मा लावून कागद पूर्ण वाचला.

“त्या दिवशी मी थांबले होते,” ती म्हणाली. “कोणीतरी म्हणेल, आपा राहू दे. म्हणून थांबले होते.”

आम्ही काही बोललो नाही.

“पैसे घेईन,” ती म्हणाली. “तुम्ही देताय म्हणून नाही. माझे आहेत म्हणून. आणि माफ केलं का विचाराल, तर ते मी सावकाश सांगेन.”

आम्ही परत आलो. अजून तिने सांगितलेले नाही. अम्मीला मात्र सगळे सांगितले, तिचा हिस्साही तिच्यासमोर मांडला. ती तस्बीह ओढत म्हणाली, “मला या वयात कागद काय करायचा! पण विचारलंत. तुमच्या अब्बांना बरं वाटलं असतं.”

फिरते, पण पीठ पडते

आमच्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की आहे. कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्या जोरावर जाते फिरवायचे, आणि खानकाहमधल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी दळण व्हायचे. लहानपणी अब्बा तिथे घेऊन जायचे. फिरणे गोलच होते, पण प्रत्येक फेऱ्याला पीठ पडत असे.

पाच वेळची नमाज, आठवड्याचा जुम्मा, वर्षाचा रमजान हे आपले फेरे असेच आहेत. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकत साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत येतो. ‘ग्राउंडहॉग डे’ लागला त्या १९९३ साली रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. मुंबईच्या दंगलींना जेमतेम महिना उलटला होता. अब्बा त्या रमजानमध्ये रोज मगरिबनंतर दार लावून घेत आणि आम्हा चौघांना एकाच ताटात जेवायला बसवत. एकाच ताटात, आपासुद्धा. यंदा २०२६ मध्ये रमजान पुन्हा फेब्रुवारीच्या त्याच दिवसांत आला. तीच थंडी ओसरणारी पहाट, तीच इफ्तारची वेळ. एक पूर्ण फेरा झाला.

पुढचा असा रमजान २०५९ च्या फेब्रुवारीत येईल. माणसाच्या वाट्याला असे फेरे दोन येतात, फार तर तीन. आमच्यापैकी तेव्हा कोण असेल, अल्लाहलाच ठाऊक.

तेव्हा मुलगा लॅपटॉपवर तोच दिवस पुन्हा पुन्हा खेळताना दिसला तर लगेच रागावू नका. शेजारी बसा, त्याला विचारा की या वेळी तू काय वेगळे केलेस. आणि त्याने उलट तुम्हाला विचारले की तुम्हाला कुठला दिवस परत हवा, तर “झोपा आता” म्हणू नका. मनात जे नाव येईल, ते माणूस हयात आहे का, एवढे पाहा. असेल तर फोन उचला. बहीण असेल, हिस्सा राहिला असेल, तर हिशेबाचा कागद काढा. आठ भाग करायला वेळ लागत नाही.